घरच्या कागदपत्रांची विकी: फाइलींना दुवे कसे द्यायचे आणि त्या तिथेच उघडायच्या कशा?

गोदाकाठ
मंडळी, टिडलीविकी वापरणारं कुणी आहे का इथे? नसलात तरी वाचा, प्रश्न कुठल्याही घरगुती विकीला लागू पडतो.

आमचं घर गंगापूर रोडला, द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात. बाग धाकटा भाऊ बघतो, कागद माझ्याकडे. कागद म्हणजे सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणीचा नकाशा, सोसायटीचं कर्ज, माती-पाणी-देठ परीक्षणाचे अहवाल, कृषी सेवा केंद्राची बिलं, आणि माल एक्सपोर्टला जाणार असला की रेसिड्यू रिपोर्ट (द्राक्षात फवारणीच्या औषधांचा अंश किती उरला त्याचा). वडिलांच्या वेळी हे सगळं एका लोखंडी पेटीत असायचं आणि पेटीत काय आहे ते वडिलांनाच ठाऊक. मी ते स्कॅन करून लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर आणलं आणि वर टिडलीविकी बसवली. एकच एचटीएमएल फाइल, ब्राउझरमध्ये उघडते, इन्स्टॉल काही करावं लागत नाही. प्रत्येक गटाचं एक पान, प्रत्येक प्लॉटचं एक पान, खरड छाटणीपासून काढणीपर्यंतच्या नोंदी, आणि नोंदीतून मूळ कागदाला दुवा.

लॅपटॉपवर झकास चालत होतं. भावाला फोनवर दिसावं म्हणून विकीची फाइल आमच्या छोट्याशा वेबजागेवर पासवर्ड लावून चढवली, आणि सगळे दुवे मेले. क्लिक केलं की एरर नाही, नवीन टॅब नाही, काहीच नाही. बरं, फोनवर फाइल नाही म्हणून चालत नाही म्हणावं, तर वेबवरची तीच विकी लॅपटॉपवर उघडली तरी हीच रड. फाइल तिथेच डी ड्राइव्हवर बसलेली आहे!

दुसरं म्हणजे, पीडीएफ वेगळ्या टॅबमध्ये न जाता पानातच दिसावी असं वाटतं. आणि वर्डच्या फाइलीवर क्लिक केलं की ती उघडायच्या ऐवजी डाउनलोड होते. डाउनलोड फोल्डरमध्ये एकाच अर्जाच्या कंसात एक, कंसात दोन, कंसात तीन अशा प्रती साचल्यात.

अट एकच: आधार, पॅन, पासबुक यातलं काहीही परक्याच्या क्लाउडवर जाणार नाही.

रिकामटेकडा_नाशिक
सगळं गूगल ड्राइव्हवर टाका, शेअर करा, विषय संपला. एवढा आटापिटा कशाला?

गोदाकाठ
अट परत वाचा राव. शिवाय बागेत रेंज कधी असते, कधी नसते. एक्सपोर्टवाल्याचा माणूस शेडमध्ये उभा असताना गोल फिरणारं चक्र दाखवत बसायचं का?

सीएनसी_अंबड
बिघाड काही नाही, ब्राउझर त्याचं काम करतोय.

विकी तुम्ही डिस्कवरून उघडता तेव्हा पत्त्याच्या पट्टीत सुरुवातीला 'फाइल' असतं. वेबवरून उघडता तेव्हा 'एचटीटीपीएस'. एचटीटीपीने आलेल्या पानातून 'फाइल'च्या पत्त्यावर जायला क्रोम आणि फायरफॉक्स दोघंही मनाई करतात. एफ-१२ दाबून कन्सोल उघडा, क्रोममध्ये 'नॉट अलाउड टू लोड लोकल रिसोर्स' अशी ओळ दिसेल. पानावर मात्र काहीच दिसत नाही, म्हणून माणूस चक्रावतो. ही मनाई नसती तर कुठल्याही वेबसाइटने गुपचूप तुमच्या डिस्कवरच्या जागा चाचपडून बघितल्या असत्या: कुठलं सॉफ्टवेअर आहे, युजरचं नाव काय, कुठली फाइल कुठे आहे. ती उठवणारी एक्स्टेन्शनं मिळतात. घरच्या कागदांसाठी ती लावू नका. एका विकीच्या सोयीसाठी ब्राउझरचं कुलूप काढून ठेवल्यासारखं होईल.

आता समजा मनाई नसतीच. तरी भावाच्या फोनला डी ड्राइव्ह आहे कुठे? तुमच्या दुव्यात डी ड्राइव्हपासून पूर्ण पत्ता लिहिलाय, आणि तो पत्ता जगात एकाच यंत्रावर खरा आहे. उद्या लॅपटॉप बदलला, पेनड्राइव्हला ई ऐवजी एफ अक्षर मिळालं, की परत सगळे दुवे मेले.

म्हणून एक मोठं फोल्डर करा. त्यात विकीची फाइल, आणि तिच्या शेजारी 'कागद' नावाचं फोल्डर. दुवा द्यायचा तो विकीच्या जागेपासून सापेक्ष: इथून 'कागद'मध्ये जा, त्यातल्या 'शेती'मध्ये जा, ही फाइल उघड. मग ते मोठं फोल्डर लॅपटॉपवर असो, पेनड्राइव्हवर असो नाहीतर सर्व्हरवर, दुवे चालतात. वेबवर चालवायचं असेल तर 'कागद' फोल्डरही तिथे चढवावं लागेल, आणि तिथे तुमची अट आडवी येते. त्यावर नंतर बोलू.

निफाडकर
उपयुक्त धागा. मीही टिडलीविकीवालाच. सापेक्ष दुवा लिहिला तर विकी त्याला पान समजते आणि 'असं पान नाही, बनवू का' म्हणून विचारते. तो नेमका लिहायचा कसा? आणि माझ्या निम्म्या फाइलींच्या नावात मोकळी जागा आहे.

सीएनसी_अंबड
@निफाडकर, साध्या दुहेरी चौकटी कंसात पूर्ण पत्ता असला तर विकी ओळखते की हे बाहेरचं आहे. सापेक्ष पत्ता ओळखत नाही, म्हणून तिला सांगावं लागतं. असं:

[एक्स्ट[गट १२४ चा सातबारा|./कागद/शेती/गट१२४-सातबारा-२०२३.पीडीएफ]]

एक्स्ट आणि पीडीएफ अर्थातच रोमनमध्ये. उभ्या रेघेच्या आधी दिसायचं नाव, नंतर पत्ता. रेघा उजवीकडे झुकणाऱ्याच, विंडोज एक्सप्लोररमधून कॉपी केलेल्या उलट्या रेघा बदलून घ्या.

मोकळ्या जागेच्या ठिकाणी टक्क्याचं चिन्ह आणि वीस. पण खरा त्रास देतो तो हॅश. फाइलीच्या नावात हॅश असला की ब्राउझर समजतो नाव तिथेच संपलं, पुढचं सगळं पानातली जागा. तो टक्का-तेवीस असा लिहावा लागतो. नावात टक्का असेल तर तो टक्का-पंचवीस. त्यापेक्षा नावंच साधी ठेवा: अक्षरं, आकडे, आडवी रेघ. सातबारा लिहिताना सात भागिले बारा तर विंडोज लिहूच देत नाही, तिरकी रेघ नावात चालत नाही.

पानातच दाखवायचं असेल तर: चित्रांसाठी 'इमेज'चे चौकटी कंस वापरा, आत तोच सापेक्ष पत्ता. पीडीएफसाठी नवीन पान करा, त्याचा प्रकार 'ॲप्लिकेशन/पीडीएफ' ठेवा, मजकूर रिकामा सोडा आणि 'कॅनॉनिकल यूआरआय' नावाचं फील्ड जोडून त्यात पत्ता भरा (फील्डचं नाव रोमनमध्ये, सुरुवातीला आणि दोन शब्दांमध्ये खालची रेघ). विकी फाइल गिळत नाही, फक्त बाहेरून दाखवते. असं पान दुसऱ्या कुठल्याही पानात समाविष्ट करता येतं.

साधी टेक्स्ट फाइल मात्र अशी दाखवता येत नाही, विकी डिस्कवरून उघडली असेल तर. पीडीएफ आणि चित्र ब्राउझर स्वतः दाखवतो, टेक्स्ट मात्र विकीची स्क्रिप्ट वाचायला जाते, आणि डिस्कवरची एक फाइल दुसरी वाचू लागली की ब्राउझर अडवतो. फायरफॉक्स पूर्वी एकाच फोल्डरातल्या फाइलींना एकमेकींत डोकावू द्यायचा, २०१९ मध्ये ६८ व्या आवृत्तीपासून तेही बंद झालं. जुन्या ब्लॉगांवर 'फायरफॉक्समध्ये चालतं' असं वाचलं असेल तर ते आता विसरा.

चहावाला_रविवार_कारंजा
वाचनखूण साठवली.

कर_सल्ला_कॉलेजरोड
एक सूचना, धाग्याच्या जरा कडेची आहे पण महत्त्वाची. ऑनलाइन काढलेला, १५ रुपये भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ब्राउझरमध्ये पाहून 'सही दिसतेय' म्हणू नका. ब्राउझर सहीचं चित्र दाखवतो, सही पडताळत नाही. पडताळायची तर ॲडोबी रीडरसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडावी लागते. आणि विकी हलकी राहावी म्हणून पीडीएफ कॉम्प्रेस करायची हौस अनेकांना असते. स्वाक्षरीची पीडीएफ कॉम्प्रेस केली किंवा 'प्रिंट टू पीडीएफ' केली, की दिसायला तीच पण सही गेली. फाइलीचं नाव बदललं तर काही बिघडत नाही, आतल्या मजकुराला हात लावू नका. माझ्याकडे क्लायंट असे धुतलेले कागद घेऊन येतात आणि परत पैसे भरून उतारा काढावा लागतो.

वर्ड-एक्सेलचं म्हणाल तर ब्राउझर त्या दाखवत नाही, दाखवणारही नाही. मूळ फाइल ठेवा, शेजारी तिची पीडीएफ ठेवा, विकीतून पीडीएफला दुवा द्या.

निफाडकर
ढीगभर वर्ड फाइली आहेत, एकेक उघडून पीडीएफ कोण करणार?

सीएनसी_अंबड
लिब्रेऑफिस. कमांड लाइनवरून 'हेडलेस', म्हणजे खिडकी न उघडता चालवा आणि 'कन्व्हर्ट टू पीडीएफ' सांगा, अख्खं फोल्डर एका दमात करून देतं.

पण थांबा, आपल्याकडे यात एक मराठी गोम आहे. जुनी पत्रं श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेली असतील आणि तो फॉन्ट त्या मशीनवर नसेल, तर पीडीएफमध्ये निव्वळ कचरा उमटेल. फॉन्ट असलेल्या जुन्या मशीनवर रूपांतर करा, मग फॉन्ट पीडीएफच्या आतच बसतो आणि कुठेही नीट दिसतो.

मोडीवेडी
दिसेल नीट, पण शोधता येणार नाही. कृतीदेवच्या पीडीएफमध्ये 'विहीर' शोधा, सापडत नाही, कारण आत विहीर लिहिलेलीच नाही, रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ आहे. स्कॅनचंही तेच, तो नुसता फोटो. म्हणून मला वाटतं, दुवा कसा द्यायचा हा प्रश्न तुम्ही सगळे अर्धाच सोडवताय. दुवा कशाला द्यायचा, ते आधी ठरवा.

माझ्याकडे पंचवटीतल्या आमच्या वाड्याचे मोडी कागद आहेत. वाटण्या, कर्जरोखे, देवस्थानाच्या वर्षासनाची पत्रं. एक कागद दहा ठिकाणी लागतो: पणजोबांच्या पानावर, विहिरीच्या पानावर, वाड्याच्या मागच्या खणाच्या पानावर. दहा ठिकाणी फाइलीचा पत्ता लिहिला तर फाइल हलली की दहा जागा दुरुस्त करा. म्हणून मी पानातून फाइलीला दुवा देतच नाही. प्रत्येक कागदाचं विकीत एक स्वतंत्र पान. बाकी सगळी पानं त्या पानाला जोडलेली, आणि फाइलीचा पत्ता फक्त त्या एका पानावर.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहिल्या असतील. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी बरोबर ते बाड काढतात, कारण नोंद कुठल्या बाडात आहे ती खूण वेगळी ठेवलेली असते. कागदाचं पान म्हणजे ती खूण.

एक नमुना देते:

नाव: विहीर वाटणीपत्र, शके १८०७
इसवी सन: १८८५-८६
काय आहे: वाड्यातल्या विहिरीचं पाणी दोन घरांनी आळीपाळीने घ्यावं असा ठराव. शेवटी चार साक्षीदार, एकाची निशाणी नांगर.
मूळ कुठे: सागवानी पेटी, हिरवं दप्तर, वरून तिसरा
फाइल: ./कागद/मोडी/विहीर-वाटणी-१८०७.जेपीजी
मूळ स्कॅन: टिफ, बाहेरच्या डिस्कवर
लिप्यंतर: अर्धं झालंय, मागच्या बाजूच्या ओळी राहिल्यात

'मूळ कुठे' ही ओळ सोडू नका. कोर्टात काय किंवा तलाठ्यापुढे काय, शेवटी कागद लागतो, आणि विकी पेटीपर्यंत नेऊन पोचवते. टिफचं म्हणाल तर क्रोम-फायरफॉक्स टिफ दाखवत नाहीत, आयफोनचे हाइक (एचईआयसी) फोटोही नाहीत. दाखवायला जेपीजी, जपायला टिफ.

रिकामटेकडा_नाशिक
ताई, प्रत्येक बिलाचं एक पान? माणसाने शेती करायची की कारकुनी?

मोडीवेडी
प्रत्येक बिलाचं नाही हो. ज्याचा उल्लेख दुसऱ्या ठिकाणीही होणार त्या कागदाचं. बिलं वर्षाच्या एका पानावर राहू द्या.

निफाडकर
+१. माझ्या बाबतीत रेसिड्यू रिपोर्टला पान हवं. त्याला प्लॉट, फवारणीची नोंद, पीएचआय (फवारणी आणि काढणी यांच्यात सोडायचे दिवस) आणि खरेदीदार असे चार धागे आहेत. खताच्या बिलाला एकच.

मोडीवेडी, ताई, तुम्ही फाइलींची नावं देवनागरीत ठेवता? मी ठेवली होती. काही दुवे चालतात, काही नाही. नाव तर डोळ्यांना अगदी तेच दिसतं.

मोडीवेडी
तुमच्या नावांत 'ऱ्य' किंवा 'ॲ' आहे का?

निफाडकर
आहे! 'शेतकऱ्यांची-यादी' आणि 'ॲग्रो-बिले'. ओळखलंत कसं?

मोडीवेडी
कारण मी यात होरपळून निघालेय. 'ऱ्य' संगणकात तीन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त, मग य. दोन, साधा र, खाली नुक्ता, हलन्त, य. तीन, साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडणारं चिन्ह, मग य. पडद्यावर तिन्ही सारखेच. फाइलीचं नाव एका कीबोर्डने लिहिलं आणि दुवा फोनवरच्या दुसऱ्या कीबोर्डने, तर ब्राउझरच्या लेखी ती दोन वेगळी नावं. भर म्हणजे जुन्या मॅकची डिस्क पहिला प्रकार आपणहून दुसऱ्यात बदलून ठेवायची. 'ॲ'चंही तसंच: एक अखंड ॲ, आणि एक अ वर चंद्र काढून केलेला.

पहिले दोन प्रकार एकत्र आणायला युनिकोडचा नियम आहे, पण तिसरा त्यात बसत नाही, आणि दोन 'ॲ' पण नाहीत. त्यामुळे 'सॉफ्टवेअर करील नीट' यावर विसंबू नका. दुवा हाताने टाइप करू नका, फाइलीचं नाव एक्सप्लोररमधून कॉपी करून चिकटवा. मी तर नावातून ही अक्षरंच हद्दपार केलीत. शेतकऱ्यांची यादी माझ्याकडे 'शेतकरी-यादी' आहे.

सीएनसी_अंबड
क्या बात है. यात माझी भर: लांब देवनागरी नावं टाळा. लिनक्सवर आणि अँड्रॉइडवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, हलन्त सगळी वेगळी मोजली जातात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजवर आरामात बसलेलं नाव फोनवर कॉपी करताना अडकतं. दुव्याच्या पत्त्यात तर एका चिन्हाची नऊ अक्षरं होतात. नुसता 'सातबारा' लिहिला तरी ६३. आणि विंडोजची जुनी २६० अक्षरांची मर्यादा अख्ख्या पत्त्याला आहे, फोल्डरात फोल्डर घालत गेलात की तीही आडवी येते.

पेनड्राइव्हप्रेमी
एवढं सगळं करण्यापेक्षा फाइली विकीच्या आतच का नाही टाकत? ओढून सोडली की आत. दुवा तुटायचा प्रश्नच नाही.

सीएनसी_अंबड
आत टाकता येतात, पण त्या मजकुरात बदलून ठेवल्या जातात आणि आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. तीन एमबीचा स्कॅन चार एमबी. शिवाय टिडलीविकी दर वेळी सेव्ह करताना अख्खी फाइल नव्याने लिहिते. फवारणीची एक ओळ जोडायला सगळे सातबारे पुन्हा लिहिले जाणार. दोन-चार छोटी चित्रं असतील तर टाका खुशाल.

निफाडकर
सेव्हवरून आठवलं, गोदाकाठ, हे बघून घ्या. ब्राउझरमध्ये टिडलीविकी सेव्ह केली की नवीन प्रत डाउनलोड फोल्डरमध्ये जाते. तीच प्रत परत उघडली तर सापेक्ष दुवे 'डाउनलोड'मध्ये 'कागद' शोधतात आणि सगळे तुटलेले दिसतात. मग आपण उगाच दुवे तपासत बसतो. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'प्रत्येक वेळी जागा विचार' चालू करा आणि जुन्या फाइलीवरच सेव्ह करा. नाहीतर टिडलीडेस्कटॉप हा टिडलीविकी उघडायचा वेगळा प्रोग्रॅम वापरा, तो जागच्या जागी सेव्ह करतो. त्याला बाहेरच्या जोडण्यांचं प्लगइनही आहे: फाइल ओढून सोडली की आत न घेता नुसता पत्ता भरतो.

शब्दखूण
माझं दोन पैशांचं मत: ज्यांना हे कंस आणि टक्के नकोत त्यांनी झिम हे संगणकावरचं विकी सॉफ्टवेअर बघावं. प्रत्येक पान साधी टेक्स्ट फाइल, आणि पानाच्याच नावाचं एक फोल्डर, जोडलेले कागद त्यात. पानाचं नाव बदललं की फोल्डरही सोबत हलतं. पीडीएफ पानात दिसत नाही, पण क्लिक केलं की संगणकाच्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये उघडते, वर्डची फाइल वर्डमध्ये, एक्सेलची एक्सेलमध्ये. मधे ब्राउझरच नाही म्हणून ती मनाईपण नाही. फोनवर मात्र झिम नाही.

फोन हवा असेल तर ऑब्सिडियन हे टिपणांचं ॲप. पीडीएफ, चित्र, आवाज सगळं पानातच दिसतं. फाइल त्याच्या आतूनच हलवली तर दुवे स्वतः दुरुस्त करतो. दुव्याच्या शेवटी हॅश आणि पानाचा क्रमांक दिला तर पीडीएफचं नेमकं तेच पान उघडतं. (हे क्रोम-फायरफॉक्समध्येही चालतं, म्हणजे टिडलीविकीवाल्यांनाही उपयोगी. साठ पानी बँक स्टेटमेंटमध्ये सतराव्या पानावर नेऊन सोडायला फार बरं पडतं.) फुकट आहे पण मुक्त स्रोत नाही, हे ज्यांना खटकतं त्यांना खटकतं. टिपणं साध्या टेक्स्टमध्येच राहतात, म्हणून मला खटकत नाही.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार, डोकं भरपूर उघडलं. सगळं एका फोल्डरात आणलं, दुवे सापेक्ष केले, पानात पीडीएफ दिसायला लागली. मोडीवेडीताईंची पद्धत रेसिड्यू रिपोर्ट आणि जमिनीच्या कागदांना लावतोय. 'मूळ कुठे' ही ओळ भरताना कळलं की मोजणीच्या नकाशाचा मूळ कागद कुणाकडे आहे हेच घरात कुणाला माहीत नाही.

भावाचा फोन मात्र तसाच राहिला. फोल्डर केबलने फोनवर टाकलं, फाइल मॅनेजरमधून विकीवर टिचकी मारली, क्रोममध्ये उघडली, आणि दुवे पुन्हा मुके.

सीएनसी_अंबड
अपेक्षित. अँड्रॉइडचा फाइल मॅनेजर क्रोमला खरा पत्ता देत नाही, 'कंटेंट' नावाचा एक तात्पुरता पत्ता देतो. त्या पत्त्याला शेजारी फोल्डर असं काही नसतंच, मग सापेक्ष दुवा जाणार कुठे? फोनवरच छोटा सर्व्हर चालवला तर सुटतं. टर्मक्समध्ये (अँड्रॉइडवर कमांड चालवायचं ॲप) पायथॉन टाकून त्या फोल्डरात त्याचा साधा सर्व्हर सुरू करायचा आणि क्रोममध्ये 'लोकलहोस्ट ८०००' उघडायचं. पण सुरू करताना 'बाइंड' म्हणून १२७.०.०.१ द्याच. नाही दिलं तर तो सर्व्हर त्या वायफायवरच्या प्रत्येकाला दिसतो, पासवर्ड नाही, काही नाही. हॉटेलच्या वायफायवर तुमचा अख्खा 'कागद' फोल्डर उघडा.

गोदाकाठ
भाऊ टर्मक्स उघडणार? तो व्हॉट्सॲपचं अपडेटसुद्धा माझ्याकडून करून घेतो.

शब्दखूण
मग त्याला अख्खी विकी कशाला हवी? फोनवर ऑब्सिडियन टाकून द्या. त्यात फक्त चालू हंगाम: प्लॉटची पानं, फवारणी, रेसिड्यू रिपोर्ट. लॅपटॉप आणि फोन यांच्यातलं ते एक फोल्डर सिंकथिंग या फाइली जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने जुळवत ठेवा. दोन्ही यंत्रं थेट एकमेकांशी बोलतात, फाइली कुणाच्या सर्व्हरवर साठत नाहीत. घरच्या वायफायवर आला की जुळतं, बागेत रेंज नसली तरी कागद फोनमध्येच असतात. आधार-पॅन त्या फोल्डरात ठेवायचेच नाहीत, फोन हरवला तर पंचाईत नको.

कर_सल्ला_कॉलेजरोड
याला माझं अनुमोदन. फोनला स्क्रीन लॉक आहे ना, तेवढं बघा. आणि वेबजागेवर चढवलेली ती विकी आता उतरवा. फाइली तिथे नसल्या तरी पानांवर गट नंबर आणि खाते क्रमांक असतीलच.

गोदाकाठ
उतरवली. हंगामापुरतं ऑब्सिडियन ही कल्पना पटली. गोडी छाटणीच्या आत बसवून देतो, एकदा औषधांच्या फेऱ्या सुरू झाल्या की भाऊ हातात सापडत नाही.

शेवटचं एक: फाइली हलवाहलवीत काही दुवे तुटले असणार. एकेक क्लिक न करता शोधायचे कसे?

निफाडकर
मी एक्सेलमध्ये करतो. कागदाच्या पानांवर फाइलीचा पत्ता स्वतंत्र फील्डमध्ये आहे ना? टिडलीविकीच्या प्रगत शोधात ते फील्ड असलेली सगळी पानं फिल्टर करा आणि सीएसव्ही म्हणून बाहेर काढा. दुसरीकडे 'कागद' फोल्डरातल्या सगळ्या फाइलींची यादी कमांड प्रॉम्प्टवरून काढा. तिच्यात पत्ते डी ड्राइव्हपासून येतात, ते 'फाइंड-रिप्लेस'ने विकीतल्यासारखे करून घ्या. मग दोन रकाने शेजारी ठेवून जुळवा. यादीत नसलेला पत्ता म्हणजे तुटलेला दुवा. आणि उलटही बघा: ज्या फाइलीला एकाही पानाचा दुवा नाही, त्या कुठल्या? माझ्याकडे दुसरा ढीग पहिल्यापेक्षा मोठा निघाला.

मोडीवेडी
यादी काढताना देवनागरी नावं प्रश्नचिन्हं होऊन आली तर यूटीएफ-८ निवडा. आणि 'ऱ्य'वाली नावं जुळणार नाहीत, ती डोळ्यांनी तपासा.